ग्रंथालयाची डागडुजी आणि बायकांची जागा

(ग्रंथालयांत काम करणाऱ्या स्त्रिया, विद्यार्थिनी आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आपल्या शिबिरांत मारहाण, पोटगी, रेशन, रोजगार असे विषय असतात. त्यात आज विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाच्या नूतनीकरणावर बोलायचं, म्हटल्यावर काहीजणींना नवल वाटलं असेल. एकीने तर सकाळी चहाच्या वेळी विचारलंच, "ताई, गळकं छप्पर आणि जुन्या खिडक्या हा आपल्या चळवळीचा प्रश्न कसा?" तिचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

ग्रंथालय म्हणजे नुसती पुस्तकांची इमारत नव्हे. बाईला काहीही विकत न घेता, कुणाची सेवा न करता, कुणाबरोबर आले हे न सांगता तासन्‌तास बसता येईल अशा जागा आपल्या समाजात किती आहेत? देवळात ती भक्त म्हणून जाते, दवाखान्यात आजारी म्हणून किंवा कुणाला घेऊन, बाजारात पिशवी घेऊन. ग्रंथालयात मात्र ती स्वतःसाठी जाते. अशी जागा नव्याने बांधायची किंवा दुरुस्त करायची ठरते तेव्हा पुढच्या पन्नास वर्षांसाठी तिथे कोण बसणार हेही ठरत असतं. नकाशा एकदा मंजूर झाला की मग आपण निवेदनं देत फिरतो. म्हणून त्याच्या आधीच बोलायला हवं.

मी उदाहरण घेणार आहे मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयाचं. राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण त्या २८० फुटी मनोऱ्याच्या पायाशी ग्रंथालय आहे, हे त्याच्याखालून रोज लोकल गाठायला धावणाऱ्या कितीजणींना ठाऊक असतं?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं, ही त्यांची अट. आराखडा केला इंग्लंडच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, तोही हिंदुस्थानात एकदाही न येता. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झालं. त्याच वर्षी, इमारत पुरी होण्याआधीच, स्कॉट वारले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे चोवीस पुतळे आहेत. म्हणजे सगळा समाज दगडात कोरून वर बसवला. आत येऊन वाचायचा हक्क त्यातल्या किती जणांना होता, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

हा पैसा आला कुठून? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजाराचं वेड लागलं. त्या कापसाच्या शेतात निंदणी-वेचणी कुणी केली, हे शेतकरी कुटुंबातून आलेल्या बायांना मी सांगायला नको. देणगीदाराचं नाव दगडावर कोरलं जातं. वेचणारणीचं कुठेच लागत नाही.

राजाबाईंबद्दल एक आख्यायिका सांगतात. त्या जैन होत्या, सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता आणि डोळ्यांनी दिसत नव्हतं. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने मनोरा बांधला, असं म्हणतात. गोष्ट खरी असो वा नसो, मला ती फार आवडते. कारण तिच्यात इमारतीची सुरुवात एका न दिसणाऱ्या बाईच्या गरजेपासून होते. हिला काय अडतं, हे आधी विचारलं आणि मग बांधलं. नूतनीकरणाचं याहून चांगलं सूत्र मला तरी माहीत नाही.

पण गोष्टीतलं प्रत्यक्षात आलं नाही. बाईच्या नावाचा मनोरा उभा राहिला तेव्हा त्या विद्यापीठाची पदवी बाईला मिळत नव्हती. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना पदवीचा मार्ग मोकळा केला १८८३ मध्ये. पहिली पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पहिल्या वर्गात पास झाली. तिच्या गुणांवर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती बाई म्हणून नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या काही लोकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला सॉमरव्हिल कॉलेजात पोचली. तिथे कायद्याची पुस्तकं कॉड्रिंग्टन ग्रंथालयात होती. ते ऑल सोल्स कॉलेजचं, आणि ते कॉलेज पुरुषांचं. १८९० मध्ये तिला तिथे बसून वाचायची खास परवानगी मिळाली. त्या ग्रंथालयात वाचणारी ती पहिली बाई. १८९२ मध्ये ती कायद्याच्या परीक्षेला बसली. पदवी हातात पडली तीस वर्षांनी, १९२२ साली, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं.

आणि हे कॉड्रिंग्टन कोण? बार्बाडोस बेटावरच्या उसाच्या मळ्यांचे मालक. मळ्यांवर गुलाम राबत होते. २०२० मध्ये त्या कॉलेजने ग्रंथालयाचं हे नाव वापरणं बंद केलं. कापूस काय, ऊस काय, जुन्या भव्य इमारतींच्या पायाखाली कुणाचे तरी कष्ट पुरलेले असतात. म्हणून त्या पाडून टाकाव्यात असं मी म्हणत नाही. उलट मी म्हणते, या इमारती आपल्या घामाच्याही आहेत, म्हणून त्यांच्या दुरुस्तीत बोलायचा हक्क आपलाही आहे.

कुणी म्हणेल, हे झालं एकोणिसाव्या शतकातलं. तर ऐका. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९४९ मध्ये लॅमॉन्ट नावाचं नवं ग्रंथालय उघडलं, खास विद्यार्थ्यांसाठी, तेव्हाच्या हिशेबाने अगदी आधुनिक. त्यात मुलींना प्रवेश मिळाला १९६७ साली. तेव्हा इमारत नवी असली म्हणून दृष्टी नवी असेलच असं नाही.

राजाबाई टॉवरची आणखी एक आठवण आहे, ती सांगताना जड जातं. एप्रिल १८९१ मध्ये दोन तरुण पारशी स्त्रिया या मनोऱ्यावरून खाली पडून मेल्या. खटला झाला, आरोपी निर्दोष सुटला, आणि नेमकं काय घडलं याचा उलगडा कधीच झाला नाही. दिवसाढवळ्या, शहराच्या मध्यावर, विद्यापीठाच्या आवारात हे घडलं. अशी घटना घडली की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो: जागा बंद करा, बायकांनी जाऊ नये. जिना उजेडाचा करा, माणूस नेमा, वावर वाढवा, हे सुचत नाही. आजही एखाद्या महाविद्यालयात छेडछाड झाली की मुलींचीच वाचनाची वेळ सहापर्यंत आणली जाते. छेडणाऱ्यांची वेळ कोणी कमी करत नाही.

आता दुरुस्तीकडे येऊ. फोर्टमधल्या ग्रंथालयाचं आणि मनोऱ्याचं जतन-काम २०१५ मध्ये पूर्ण झालं. पैसा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिला, पुढाकार इंडियन हेरिटेज सोसायटीचा, वास्तुविशारद बृंदा सोमाया आणि रंगीत काचांचं काम स्वाती चांदगडकर यांचं. २०१८ मध्ये या कामाची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्माननीय नोंद झाली आणि त्याच वर्षी मुंबईच्या त्या परिसरातल्या इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला. ज्या विद्यापीठाने पहिली पंचवीस वर्षं बायकांना पदवी दिली नाही, त्याचं ग्रंथालय दुरुस्त करण्यात बाया पुढे होत्या, याचा आपण अभिमान जरूर बाळगावा. रंगीत काचेचं काम सोपं नसतं. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसाने शिसं वाकतं, खिडकी फुगते. ती उतरवायची, एकेक तुकडा साफ करायचा, फुटलेला सांधायचा, पुन्हा पट्टीत बसवायचा. गोधडीसारखंच चिकाटीचं काम आहे हे.

नेमक्या त्याच वर्षी, २०१५ मध्ये, ऑक्सफर्डमध्येही एक ग्रंथालय नव्याने उघडलं, आणि योगायोग असा की तेही एका स्कॉटचंच. आपल्या टॉवरचे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, त्यांचे नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. या नातवाने १९३० च्या दशकात बॉडलियन ग्रंथालयाची नवी इमारत आखली. पोटात पुस्तकांचं मोठं कोठार आणि रस्त्याच्या बाजूला बंद दगडी भिंत. पुस्तकं सुखरूप, माणूस बाहेर. पुढे त्यांनी पुष्कळशी पुस्तकं स्विंडनजवळ बांधलेल्या नव्या कोठारात हलवली, सुमारे आठ कोटी पौंड खर्चून इमारतीचं रूप पालटलं आणि तिचं नाव वेस्टन ग्रंथालय ठेवलं. रस्त्याकडची बंद भिंत उघडून तिथे दर्शनी दालन केलं. आता रस्त्यावरून जाणारं कुणीही, ओळखपत्राशिवाय, आत येऊन बसू शकतं, जुनी हस्तलिखितं प्रदर्शनात पाहू शकतं. वरच्या वाचनकक्षांसाठी कार्ड लागतंच, पण उंबरठा तरी ओलांडता येतो.

दोन्ही कामं पाहिली म्हणजे नूतनीकरणाचे दोन अर्थ लक्षात येतात. एक, जे आहे ते जपणं: गळती थांबवणं, दगड साफ करणं, लाकूड वाचवणं. दुसरा, दार कुणासाठी उघडतं ते बदलणं. पहिल्याला कारागीर लागतात. दुसऱ्याला इच्छा लागते. आपल्याकडे पहिल्या अर्थाचं काम चांगलं होऊ लागलं आहे. दुसऱ्या अर्थासाठी आपल्याला रेटा लावावा लागेल. वारसा-वास्तूत भिंती हलवता येत नाहीत, हे मान्य. मुंबई विद्यापीठानेही विस्तार केला तो कालिन्याच्या विद्यानगरीत, तिथे वेगळं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. पण वेळा, नियम, दिवे, बाकडी आणि संडास हे वारसा-वास्तूच्या नियमांत अडकलेले नसतात.

आधुनिक शिक्षणासाठी ग्रंथालय करायचं म्हणतात तेव्हा बोलणं संगणक, वातानुकूलन, काचेच्या चर्चाखोल्या यांच्यापुरतंच राहतं. मी बत्तीस वर्षं ग्रंथालयांत काम केलं. माझ्या अनुभवात बाईचं वाचन अडतं ते फार साध्या गोष्टींपाशी. एका नूतनीकरण झालेल्या ग्रंथालयात बायकांचा संडास तिसऱ्या मजल्यावर होता आणि किल्ली शिपायाकडे. मुली दिवसभर पाणी पीत नसत. दुसरीकडे सदस्यत्वासाठी राहण्याच्या पत्त्याचा पुरावा मागत. नवऱ्याचं घर सोडून मैत्रिणीकडे राहणाऱ्या मुलीने तो आणायचा कुठून? लग्नानंतर नाव बदललं, दाखला जुन्या नावाचा, म्हणून एकीचं कार्ड चार महिने अडलं. एम.ए. करणारी अंगणवाडी-सेविका साडेपाचला मोकळी व्हायची आणि वाचनकक्ष सहाला बंद. तान्हं मूल घेऊन आलेल्या संशोधक बाईला दारावरच सांगितलं, मूल रडलं तर इतरांना त्रास होईल. या एकाही अडचणीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. तरी त्या सुटत नाहीत, कारण नकाशा पास करणाऱ्या समितीत त्या भोगलेलं कुणी नसतं.

आणि ग्रंथालयात बाई फक्त वाचक म्हणून नसते. सकाळी सातला फरशी पुसणारी असते, पुस्तकांवरची धूळ झटकणारी कंत्राटी कामगार असते. जुन्या पुस्तकांच्या धुळीने दम्याचा त्रास होतो. तोंडाला बांधायला फडकं ती घरून आणते. दुरुस्ती सुरू झाली की पहिल्यांदा कंत्राट तिचं तुटतं. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात तिच्या त्या महिन्यांच्या मजुरीची तरतूद असते का, हे आपण विचारलं पाहिजे. बांधकामावर डोक्यावर घमेलं वाहणाऱ्या बाईचं मूल कुठे ठेवलंय, हेसुद्धा.

आता पुस्तकांबद्दल. दुरुस्तीसाठी ग्रंथालय रिकामं करतात तेव्हा सगळ्यात मोठा धोका असतो. जागा कमी, पुस्तकं फार, मग 'बाद' करायची यादी निघते. चांगली बांधणी असलेले जाड ग्रंथ वाचतात. पातळ पुस्तिका, पत्रकं, अनियतकालिकं, फाटक्या पाठीची पुस्तकं रद्दीत जातात. आणि बायकांचं लिखाण बहुतेक वेळा याच रूपात असतं. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापलं गेलं, पाचशे प्रती. मग ते जवळजवळ नाहीसंच झालं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा ते आपल्या हातात आलं. मधल्या नव्वद वर्षांत पुस्तक अजिबात न टिकतं, तर आज ताराबाई कोण हे आपल्याला कळलंही नसतं. आपल्या या त्रैमासिकाचे जुने अंक आज किती विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बांधून ठेवलेले सापडतील, हे प्रत्येकीने आपापल्या गावी जाऊन पाहावं. मुंबईत १९७४ पासून एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र आणि १९८८ पासून 'स्पॅरो' ही स्त्रियांविषयीची साधनं जपणारी संस्था या कामात आहेत. पण हे काम दोन-चार ठिकाणांवर टाकून चालणार नाही.

लंडनच्या स्त्री-ग्रंथालयाची गोष्ट यासाठीच ऐकण्यासारखी आहे. मताधिकाराच्या चळवळीतल्या बायकांनी ते १९२६ मध्ये सुरू केलं. पुढे ते एका विद्यापीठाकडे गेलं. २००२ मध्ये त्याला सुंदर नवी इमारत मिळाली, एका जुन्या सार्वजनिक धुणंघराची दर्शनी भिंत तशीच ठेवून. जिथे गरीब बाया कपडे धुवायला येत, तिथे बायकांचा इतिहास वाचायची सोय झाली. किती छान! पण २०१२ मध्ये, म्हणजे दहाच वर्षांत, त्या विद्यापीठाने खर्च परवडत नाही म्हणून ग्रंथालय सोडायचं ठरवलं. लोकांनी आवाज उठवला, सह्या गोळा केल्या. शेवटी २०१३ मध्ये संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे गेला. पुस्तकं वाचली, धुणंघराची ती जागा गेली. बांधायला पैसा मिळतो, कारण उद्‌घाटन होतं, पाटी लागते. चालवायला पैसा मिळत नाही, कारण रोजच्या चालवण्याचं उद्‌घाटन होत नसतं. घरकामासारखंच आहे ते. म्हणून नूतनीकरणाची योजना आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: दहा वर्षांनी ग्रंथपालाचा पगार कोण देणार?

शेवटचा मुद्दा संगणकाचा. आता प्रबंध 'शोधगंगा'वर वाचता येतात, जुनी पुस्तकं पडद्यावर दिसतात. याचा फायदा गावातल्या मुलीला नक्की आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण "सगळं फोनवर मिळतं, मग वाचनकक्ष कशाला?" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. फोन घरात एकच असतो आणि तो भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. स्वतःचा असला तरी वाचायला बसल्यावर घरातून हाक येतेच. पुस्तक घरपोच मिळालं म्हणून बसायची जागा मिळत नाही. शिवाय न दिसणाऱ्या मुलींसाठी पडदा वाचून दाखवणारा संगणक, चाकाच्या खुर्चीसाठी उतरंड, या गोष्टी २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानंतर उपकार राहिलेल्या नाहीत, त्या हक्क आहेत. राजाबाईंची आख्यायिका अभिमानाने सांगणाऱ्यांना आपण याची आठवण द्यायची.

तर आपण काय करायचं? पुढच्या तीन महिन्यांसाठी मी एक काम सुचवते. प्रत्येक गटाने आपल्या जिल्ह्यातलं एक महाविद्यालयाचं किंवा विद्यापीठाचं ग्रंथालय निवडावं. दोघी-तिघींनी जाऊन एक पूर्ण दिवस तिथे बसावं आणि लिहून आणावं: बायकांचा संडास कुठे आहे, उघडा आहे का, पाणी आहे का. संध्याकाळी सातनंतर किती बाया बसलेल्या दिसतात, रस्त्यावर दिवा आहे का, शेवटची एस.टी. किती वाजता. सदस्यत्वाला कोणते कागद मागतात, अनामत किती. मूल घेऊन येता येतं का. साफसफाईच्या बायांना मजुरी किती मिळते. बाद पुस्तकांची यादी कोण करतं, ती पाहायला मिळते का. स्त्रियांच्या संघटनांची प्रकाशनं आहेत का. आणि दुरुस्तीची काही योजना मंजूर झाली असेल तर माहितीच्या अधिकारात नकाशा आणि अंदाजपत्रक मागावं.

ही माहिती एकत्र केली की आपण मागण्या ठरवू आणि कुलगुरूंना भेटू. समितीत निदान दोन विद्यार्थिनी, एक ग्रंथालय कर्मचारी आणि एक सफाई कामगार बाई असल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये, ही पहिली मागणी राहील. दुसरी, रात्री नऊपर्यंत वाचनकक्ष आणि तोपर्यंत बस. बाकीच्या तुमच्या पाहणीतून येतील.

सकाळी प्रश्न विचारणाऱ्या ताईंना पहिल्या पाहणी-गटात घ्यावं, अशी माझी सूचना आहे. नावनोंदणीची वही मागच्या टेबलावर ठेवली आहे, जेवणाआधी नावं लिहा.